वंशावळ शेवटी मांडा, आधी माळ्यावरची भांडी खाली काढा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मूळ घर कऱ्हाडजवळच्या गावात आहे, तिथे 84 वर्षांच्या सासूबाई आहेत. दिवाळीला पुणे, ठाणे आणि न्यू जर्सीहून मिळून 14 जण पाच दिवस एकत्र जमणार आहात. मुलं 7 ते 15 वर्षांची. त्यांना कंटाळा येऊ न देता सगळ्यांनी मिळून घराण्याचा इतिहास कसा शोधायचा, आणि वंशवृक्षाचा तक्ता कुठल्या ॲपवर करायचा?

मी 22 वर्षं लोकांच्या घरचे जुने कागद वाचून देतोय. मोडीचं लिप्यंतर करायचं, फेरफारांवरून, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींवरून, वारसांची साखळी लावायची, हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी की तक्ता पहिल्या दिवशी काढूच नका, ॲपवरही नको आणि कागदावरही नको. तक्ता उघडला की घरातले एक काका पेन हातात घेतात, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी पुरुषांची नावं एकाखाली एक लिहितात, तिसऱ्या-चौथ्या पिढीला अडतात, आणि तोवर मुलं उठून गेलेली असतात. नुसतं नाव ऐकून मुलाला काही दिसत नाही. ते नाव ज्या वस्तूवर आहे ती वस्तू हातात दिलीत, तर तेच पोर तासभर जागचं हलत नाही.

आणि आपल्याकडे अशी वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात असते: नाव घातलेलं भांडं. लग्नात, बारशाला, डोहाळजेवणाला आलेला तांब्या, परात, कळशी, पितळी डबा, पुढच्या काळात स्टीलची ताटं. त्यांवर कुणी दिलं, कुणाला दिलं आणि कधी दिलं हे घालून घ्यायची आपली पद्धत. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून’, ‘कै. तमुक यांच्या स्मरणार्थ’, आणि पुढे तारीख. कागद वाळवीने खाल्ले, फोटो पुरात गेले, तरी भांडी राहिली.

पहिल्या दिवशी दुपारी मोठ्यांनी माळ्यावरची भांडी खाली उतरवून द्यायची. घासूनपुसून लखलखीत करायची नाहीत. पूर्वी ही नावं छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली असत, ती जोरात घासली की बुजतात. नावाच्या जागेवर थोडं चिंचेचं पाणी लावून बोटाने हलकेच चोळायचं, धुऊन कोरडं करायचं. मग पातळ कागद त्यावर ताणून धरायचा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून वरून फिरवायची. कागद काळा होत जातो आणि अक्षरं पांढऱ्या ठिपक्यांत वर येतात. सात वर्षांच्या मुलालाही हे जमतं, आणि पहिलं अक्षर उमटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दोघादोघांच्या जोड्या करा: एकाने कागद धरायचा, दुसऱ्याने पेन्सिल फिरवायची, आणि कागदाच्या मागे भांडं कोणतं आणि घरात कुठे होतं ते लिहायचं. एका दुपारी 30-40 ठसे सहज होतात. संध्याकाळी ते सगळे आजींपुढे पसरायचे आणि मुलांनी एकेक उचलून विचारायचं, ‘आजी, हे कोण?’

या प्रश्नातून काय निघेल ते सांगता येत नाही. दहाबारा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्याच एका घरात मी हा उद्योग लावून दिला होता. तिथे एक तांब्याचं घंगाळ होतं. काठाखाली बाईचं नाव, पुढे नवऱ्याचं नाव आणि 1934 साल. नवऱ्याचं नाव त्या घरातल्या आजोबांचं होतं, पण बाईचं नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं. आजींचं सासरचं नाव वेगळं, माहेरचं त्याहून वेगळं. दहा वर्षांच्या मुलीने तो कागद नेऊन आजोबांच्या बहिणीला दाखवला. त्या 91 वर्षांच्या होत्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाल्या, ‘ही थोरली. दादाची पहिली. बाळंतपणात गेली, पोरही गेलं.’ दुसऱ्या बायकोने पुढे चाळीस वर्षं त्याच घंगाळात पाणी तापवून काढलं होतं. त्या थोरलीचं नाव त्या घराच्या सातबाऱ्यावर नव्हतं, छापील कुलवृत्तांतात नव्हतं आणि फोटो तर निघालेलाच नव्हता. त्या घरचा तक्ता शेवटच्या दिवशी केला, तेव्हा त्या मुलीने पहिली चिठ्ठी त्या बाईच्या नावाची लिहिली.

म्हणून मी भांड्यांपासून सुरुवात करा म्हणतो. आपले बहुतेक लिखित कागद पुरुषांच्या नावावर आहेत. बायकांची नावं शोधायची तर ती भांड्यांवर, उखाण्यांत आणि माणसांच्या आठवणीत अधिक सापडतात.

आता आजींशी बोलणं. ‘आजी, जुन्या आठवणी सांग ना’ असं कधीही विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘काय सांगू बाळा, हाल होते.’ त्याऐवजी त्यांच्या माहेरच्या घराचा नकाशा काढायला घ्या. चौदा-पंधरा वर्षांचं जे मूल असेल त्याने मोठा कागद घेऊन बसायचं आणि विचारायचं: दार कुठल्या बाजूला? चूल कुठे? जातं कुठे? गोठा घरातच की वेगळा? रात्री कोण कुठे निजायचं? मूल मुद्दाम नव्हे, पण चुकणारच. आजी म्हणतील, ‘छे, सोपा इकडं होता’, आणि मग त्या थांबत नाहीत. सोप्याच्या (ओसरीच्या) कोपऱ्यात कोण बसायचं, बळद (धान्य साठवायची जागा) कुठे होतं, त्याच्याआड कोण लपून राहिलं होतं, सगळं येतं. तुमचा भाग सातारा जिल्ह्याचा, तेव्हा लपून राहिलेला माणूस पत्री सरकारातला, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत प्रतिसरकारातला, निघण्याचीही शक्यता आहे. 1943 पासून पुढची दोन-तीन वर्षं तिथल्या कितीतरी घरांनी भूमिगतांना भाकरी घातल्या आहेत, आणि त्या भाकरी थापणाऱ्या बायकांना कुणी फारसं विचारलेलं नाही. आजी तेव्हा पाळण्यातल्या, पण त्यांच्या आईने सांगितलेलं त्यांना नक्की आठवेल.

साल विचारलं की जुनी माणसं बिचकतात, घटना विचारली की खुलतात. म्हणून मुलांकडून घटनांच्या चिठ्ठ्या करून घ्या आणि एका दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी क्रमाने लावा. गांधीहत्या, जानेवारी 1948. नवे पैसे आले ते 1 एप्रिल 1957. महाराष्ट्र राज्य झालं 1 मे 1960. पानशेत धरण फुटलं 12 जुलै 1961. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, पहाटेचा. 1972 चा दुष्काळ, म्हणजे मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडायची कामं. मुंबईचा गिरणी संप, जानेवारी 1982. मग आजींनी सांगायचं: ‘भूकंप झाला तेव्हा तुझा आजा मुंबईला मिलमध्ये होता आणि मी याला घेऊन अंगणात पळाले.’ ‘याला’ म्हणजे कोणाला, हे कळलं की एका माणसाचं जन्मसाल जवळजवळ पक्कं झालं. त्याच्या नावाची चिठ्ठी दोरीवर भूकंपाच्या आधी लागली. पाच दिवसांत ती दोरी माणसांनी भरून जाते आणि मुलं येताजाता चिठ्ठ्या पुढेमागे सरकवत बसतात. तुमच्या भागातली घरं मुंबईच्या गिरण्यांशी बांधलेली आहेत, तेव्हा गावकीचा गाळा (गावच्या माणसांची मुंबईतली एकत्र राहायची खोली) कुठे होता, खानावळ कुणाची होती, मनिऑर्डर किती यायची, हेही विचारा. मनिऑर्डरीची कुपनं बऱ्याच घरांत पत्र्याच्या पेटीत सापडतात, आणि त्यांच्यावर दोन ओळींचा मजकूर असतो.

तारखांबद्दल एक इशारा देऊन ठेवतो. आजोबांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल, तर ती गुरुजींनी लावलेली आहे असं धरून चाला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय अंदाजाने ठरायचं, म्हणून गावोगाव एका वर्गातली निम्मी मुलं 1 जूनला जन्मलेली दिसतात. खरी तिथी आजींना विचारा: ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘नागपंचमीला’ असं काही तरी त्यांना माहीत असतं. घरात पत्रिका असेल तर त्यावर शके असतं, त्यात 78 मिळवले की इसवी सन निघतो. तुमच्यापैकी कुणाची सासुरवाडी मराठवाड्यात असेल, तर तिकडच्या जुन्या कागदांवर फसली (महसुली) साल असतं, त्यात 590 मिळवायचे. हे गणित बारा-तेरा वर्षांच्या मुलावर सोपवा.

दुसरी एक गोष्ट लोक हमखास चुकतात. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे घरातल्या थोरल्या मुलाची जन्माची नोंद तुमच्या गावात सापडणार नाही, ती त्याच्या आईच्या माहेरच्या गावी असते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका माणसासाठी चार महिने चुकीच्या गावाची दप्तरं चाळली आहेत. आजीचं माहेर कुठलं, हा प्रश्न म्हणूनच पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवायचा.

रेकॉर्डिंग मोबाईलवर करा, पण मोबाईल आजींच्या तोंडापुढे धरू नका. शेजारी रुमालावर ठेवा, पंखा बंद करा, आणि एका वेळी एकानेच विचारायचं. मोठ्यांसाठी एक नियम कडक ठेवा: मध्ये बोलून दुरुस्त करायचं नाही. ‘अहो आई, तसं नव्हतं ते’ असं एकदा झालं की आजी गप्प होतात. काकांना वेगळं आठवत असेल तर काकांचं वेगळं रेकॉर्डिंग करा. दोन्ही जपा. एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं असं इथे नसतं.

एक रात्र उखाण्यांची ठेवा. घरातल्या सगळ्या बायकांनी, आणि पुरुषांनीही, आपापल्या लग्नात घेतलेला उखाणा म्हणायचा. जुन्या उखाण्यांत गावाचं नाव, सासऱ्यांचं नाव, कधी दिरा-नणंदांची नावंसुद्धा ओवलेली असतात. आजींना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या आधी. ओवीत भाऊ येतो, माहेरची वाट येते, आईचं नाव येतं. गावोगावच्या बायकांनी गायलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या अभ्यासकांनी गोळा केलेल्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळ ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता येतात. आजींना आठवेना तर तिथली एक लावून द्या, पुढची त्यांची त्यांना सुचते.

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी सगळ्यांनी बाहेर पडायचं. दिवाळीत सरकारी कार्यालयं आणि शाळा बंद असतात, तेव्हा तिथलं काम सुट्टीच्या आधी किंवा नंतर गावातल्या एखाद्याने करून ठेवावं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडे अर्ज करून मिळतो. तुमच्या भागात रयत शिक्षण संस्थेची सुरुवातच कऱ्हाडजवळच्या काले गावात 1919 मध्ये झाली, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असलेली जुनी रजिस्टरं असण्याची शक्यता चांगली आहे. सातबाऱ्यावर नुसतं थांबू नका, त्यावर जे फेरफार क्रमांक असतात त्यांचे उतारे काढा. वारसाच्या फेरफारात कोण कधी मयत झालं आणि मागे कोण राहिलं हे असतं. बहिणींनी हक्कसोड केली असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा, कारण त्यात आत्या आणि आत्याआज्यांची सासरची नावं व गावं लिहिलेली मिळतात. जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मागावी लागते. काही जिल्ह्यांतले जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, ते न्यू जर्सीच्या भावालाही तिथे बसून पाहता येतील. मात्र गावात आधी सगळ्या भावकीला सांगून ठेवा की हे घराण्याच्या माहितीसाठी आहे. न सांगता फेरफार काढले की जमिनीचा वाद उकरताय असा समज होतो, आणि तो मिटवायला वर्षं जातात.

सहलीसाठी मात्र कुलदैवत निवडा. पाली असो, जेजुरी, तुळजापूर की जोतिबा, मुलांना एकच प्रश्न द्या: आपण इथे राहतो आणि देव इतक्या लांब का? कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी थेट अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. घराणी हलतात, व्यवसाय बदलतात, पण कुळाचार टिकतो, म्हणून गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, नैवेद्य गोडाचा की तिखटाचा, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे होतात का, हे टिपून ठेवा. भावकीतली जी घरं शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात गेली, ती या खुणांवरून जुळलेली मी पाहिली आहेत.

नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला कधी जाणं झालं तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे आलेल्या यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या, नक्की पाहा. आडनाव, जात आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या गावाचे उपाध्याय कोण ते कळतं. ते बाड सोडतात, पानं उलटतात, आणि पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं ‘सोबत बंधू अमुक, चिरंजीव तमुक’ समोर येतं. पहिल्यांदा पाहताना मोठी माणसंही रडतात. फोटो काढण्याआधी विचारा, दक्षिणा द्या, आणि तुमच्या मुलांची नावं पुढच्या पानावर लिहून या. सांगली-कोल्हापूरकडे काही घरांत हेळवी येतात आणि वंशावळ तोंडाने म्हणून दाखवतात. तुमच्या गावात येत असतील तर कधी येतात ते विचारून ठेवा आणि आल्यावर पूर्ण रेकॉर्ड करा.

ही साधनं सगळ्यांना मिळालेली नाहीत. ज्या जातींना तीर्थावर आणि जमिनीवर हक्कच नव्हता, त्यांची नावं नामावळीत आणि सातबाऱ्यात सहसा सापडत नाहीत. बौद्ध कुटुंबांबरोबर काम करताना मी शाळेचं रजिस्टर, गिरणी-रेल्वेच्या नोकरीचे कागद आणि एका तारखेपासून सुरुवात करतो: 14 ऑक्टोबर 1956, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस. नागपूरला घरातलं कोण गेलं होतं, कसं गेलं, परत आल्यावर देव्हाऱ्याचं काय केलं. या तीन प्रश्नांवर मी अख्ख्या रात्री जागलेल्या पाहिल्या आहेत.

घरात मोडी कागद निघाले तर घाबरू नका, मुलांना देऊन टाका. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, हात फारसा उचलत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हे ऐकूनच मुलं खूश होतात. मुळाक्षरांचा तक्ता छापून द्या आणि फक्त आपलं आडनाव व गावाचं नाव शोधायला सांगा. पूर्ण वाचन जाणकाराकडून करून घ्या. कागदांना सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही.

काही गोष्टी अवघड निघतील. दत्तक गेलेला मुलगा, टाकलेली बाई, गांधीहत्येनंतरची 1948 ची जाळपोळ, भावाभावांतला खून. तुमच्या घरात असं असेलच असं नाही, पण पाच दिवस खणलं की काहीतरी निघतं. मुलांपुढे निघालं तर विषय बदलू नका, त्यांच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा. आजी ‘हे लिहू नका’ म्हणाल्या तर लिहायचं नाही, रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर पुसायचं. हा शब्द मी आजवर मोडलेला नाही, आणि त्यामुळेच माणसं माझ्याशी बोलतात.

तक्ता पाचव्या दिवशी. खाकी कागद भिंतीवर लावा आणि प्रत्येक माणसाची सुटी चिठ्ठी करा, म्हणजे चूक झाली तर हलवता येते. आजोबा-नातवाचं एकच नाव आपल्याकडे फिरत असतं, म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर वडिलांचं नाव हवंच. बाईच्या चिठ्ठीवर माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव आणि तिच्या आईचं नाव. या चार जागा रिकाम्या राहिल्या तरी आखून ठेवा. नंतर हवं त्या ॲपवर चढवा, पण हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव उघड्यावर टाकू नका, बँका ओळख पटवायला हेच विचारतात.

फोटोंच्या मागे नावं बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने कडेला लिहा. रेकॉर्डिंगच्या प्रत्येक फाइलला तारीख, माणूस आणि विषय असं नाव द्या आणि प्रत तीन घरांत ठेवा. आणि निघायच्या आदल्या रात्री आजींना त्यांचाच आवाज ऐकवा. त्या मध्येच थांबवून म्हणतील, ‘अगं, हे सांगायचं राहिलंच की.’ तेव्हा दुसरा मोबाईल चालू ठेवा.